गोड पाण्याची विहीर आणि अहवालातलं एक बारीक अक्षर

आमच्या घरामागची विहीर सासऱ्यांनी १९६८ साली खोदली. बेचाळीस फूट खोल, दगडी बांधकाम, आणि पाणी असं की गावात लग्न निघालं की लोक बैलगाडीत ड्रम टाकून न्यायला यायचे. त्या विहिरीबद्दल वाईट लिहिताना अजूनही मला घरातल्या माणसाची चुगली केल्यासारखं वाटतं. पण गेल्या वर्षी पाणी तपासायला निघाले तेव्हा कुठे जायचं, काय न्यायचं, आलेला कागद कसा वाचायचा, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवूनही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

जानेवारी २०२५ मध्ये पेपरात केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालाची बातमी आली होती. देशातल्या पंधरा हजारांवर नमुन्यांपैकी जवळपास वीस टक्क्यांत नायट्रेट हा पाण्यात विरघळणारा क्षार मर्यादेबाहेर, आपल्या राज्यात तर शंभरातल्या पस्तीस नमुन्यांत. असे नमुने सापडलेले जिल्हे २०१७ मध्ये ३५९ होते, ते २०२३ मध्ये ४४० झाले. नावं घेतलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव. आमचा जिल्हा त्यातलाच एक. मी बातमी वाचली, "अरे बापरे" म्हटलं आणि तो पेपर तिळाच्या लाडवांच्या डब्याखाली घातला.

लेक बाळंतपणाला आली होती. ११ मार्चला नात झाली. वजन कमी, आईला दूध पुरेना, म्हणून तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी वरचं पावडरीचं दूध सुरू करायला सांगितलं. डब्यावर लिहिलं होतं की पाणी उकळून घ्या. मी विज्ञानाची बाई! चांगलं वीस मिनिटं खदखदा उकळायची, पातेल्यातलं पाणी पाऊण व्हायचं, आणि मग समाधानाने झाकण ठेवायची.

४ एप्रिलला, शुक्रवारी, वजन बघायला तालुक्याला गेलो. डॉक्टरांनी सहज विचारलं, "दुधाला पाणी कुठलं वापरता?" मी अभिमानाने सांगितलं, घरच्या विहिरीचं, वीस मिनिटं उकळून. ते म्हणाले, "उकळण्याने जंतू मरतात. नायट्रेट असेल तर ते जात नाही, पाणी आटेल तसं उलट वाढतं. एकदा तपासून घ्या. तोवर विहिरीचं देऊ नका." पाच मिनिटांत त्यांनी समजावलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं, तिथले जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं आणि रक्ताला प्राणवायू नेता येत नाही. ओठ, नखं निळसर दिसायला लागतात. अमेरिकेत आयोवा राज्यात १९४५ साली एका डॉक्टरने विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधाशी याचा संबंध पहिल्यांदा लावला. आईच्या अंगावरच्या दुधातून मात्र हे फारसं उतरत नाही. वरच्या दुधाचा प्रश्न असतो.

परत येताना एसटीत मी नातीची नखं किती वेळा पाहिली, ते सांगत नाही. त्या दिवसापासून वीस रुपयांचा वीस लिटरचा जार सुरू केला.

दुसऱ्याच दिवशी शीतपेयाची एक रिकामी बाटली धुतली, विहिरीचं पाणी भरलं आणि सोमवारी ७ तारखेला जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी प्रयोगशाळेत घेऊन गेले. बावन्न किलोमीटर, बायकांना अर्धं तिकीट, तरी जाऊन-येऊन नव्वद-एक रुपये. तिथल्या मुलीने बाटली हातात घेऊन फिरवून बघितली. "कधी भरलं?" शनिवारी. "बर्फात ठेवलं होतं?" नाही. "मग घेता येणार नाही मॅडम." राग आला होता, पण चूक माझीच होती. पाणी उन्हात, घरात पडून राहिलं की त्यातले जंतू नायट्रेट कमी-जास्त करतात आणि आकड्याला अर्थ राहत नाही. तिने नीट सांगितलं आणि मी पिशवीच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. प्लास्टिकची स्वच्छ एक लिटरची बाटली, साबणाचा वास नको. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने तीन वेळा विसळायची. काठोकाठ भरायची. गाव, विहीर की नळ, तारीख, वेळ हे चिठ्ठीवर लिहून बाहेरून चिकटवायचं. बर्फात ठेवायची आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवायची. जंतूंची तपासणी हवी असेल तर निर्जंतुक बाटली वेगळी, ती प्रयोगशाळेतून मिळते.

९ तारखेला पहाटे साडेपाचला पाणी भरलं. बर्फ कुल्फीवाल्याकडून आदल्या रात्री दहा रुपयांचा. सरकारी प्रयोगशाळेने नमुना घेतला, पण अहवालाला दहा-बारा दिवस लागतील म्हणाले. तेवढा धीर माझ्याकडे नव्हता. एक बाटली जास्तीची आणली होती, ती एका खासगी प्रयोगशाळेत दिली. फक्त नायट्रेटचे ३५० रुपये.

११ तारखेला फोनवर अहवाल आला. मी थेट आकडा शोधला: २०.८. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये नायट्रेटची हीच मर्यादा आहे, आणि तिला सवलत नाही. म्हणजे दुसरा स्रोत नसला तरी चालवून घ्या, असं नायट्रेटच्या बाबतीत म्हणत नाहीत. तर ४५ च्या निम्म्याहून कमी! मी देवापुढे साखर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "सांगतच होतो तुले. साठ वर्सं झाले हेच पानी पेतो." संध्याकाळपासून जार बंद. आणि दुसऱ्या दिवसापासून नातीच्या दुधाला पुन्हा विहिरीचं पाणी. उकळून.

हे नऊ दिवस मला लिहायला सगळ्यात जड जातं.

२० एप्रिलला रविवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी बाळ बघायला आली. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण दिलं, त्यातली ती एक. बोलता बोलता विषय निघाला, तर म्हणाली, "किट घरीच हाये बाई, आणू का?" ओट्यावर आम्ही बसलो. तिने चपट्या बुडाच्या नळीत पाणी खुणेपर्यंत घेतलं, डोळ्याच्या रेषेत धरून पाहिली, दोन रसायनं एकामागून एक टाकली, बूच लावून हलवली आणि मोबाइलमध्ये वेळ लावली. पहिला मिनिटभर काही नाही. मग तळाशी, शाईचा थेंब पडावा तसा, गुलाबी रंग आला आणि वर चढत गेला. रंगांचा तक्ता तिने शेजारी धरला. ४५ च्या चौकोनापेक्षा आमचं पाणी गडद होतं. ती हळूच म्हणाली, "बाई वो, हे तं लय गुलाबी झालं."

मी म्हटलं, तुझं किट जुनं असेल. तारीख बघ. तारीख ठीक होती. तिने नळाचं पाणी घेऊन तेच केलं, ते फिकट आलं. मग मी मोबाइलवरचा अहवाल उघडून दोन बोटांनी मोठा केला. नायट्रेट या शब्दापुढे कंसात बारीक अक्षरात ‘ॲज एन’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं.

त्या ‘एन’चा अर्थ मी मुलांना शिकवलेला आहे. नायट्रेट मोजायच्या दोन रीती असतात. एकीत आख्ख्या नायट्रेटचं वजन सांगतात, आपलं ४५ हे त्या रीतीचं. दुसरीत त्यातल्या फक्त नायट्रोजनचं. अमेरिकेत मर्यादा १० सांगतात ती या दुसऱ्या रीतीची. एकातून दुसऱ्यात जायचं तर ४.४३ ने गुणायचं. २०.८ गुणिले ४.४३. पाटीवर नाही, मी ते कॅलेंडरच्या कोपऱ्यावर केलं. ९२. प्रयोगशाळेने काही लपवलं नव्हतं. मीच वाचलं नव्हतं. तुमच्या हातात असा कागद आला तर आकड्याच्या आधी एकक बघा, आणि शंका असेल तर फोन करून "हे नायट्रेट म्हणून आहे की नायट्रोजन म्हणून?" एवढंच विचारा. दोन दिवसांनी सरकारी अहवाल आला. त्यात सरळ नायट्रेट म्हणून ९३ होतं.

सोमवारी सकाळी आठलाच दवाखान्यात. डॉक्टरांनी नातीला उजेडात नेऊन ओठ, जीभ, हातापायाची नखं बघितली, छाती तपासली, पिते किती, झोपते कशी, रडताना रंग बदलतो का, सगळं विचारलं. बाळ चांगलं गुलाबी आहे म्हणाले, आणि निळसर झाक दिसली तर रात्र-अपरात्र न बघता जिल्ह्याचं रुग्णालय गाठा, त्यावर औषध आहे, असंही सांगितलं. लेक माझ्यावर एक शब्द रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी जरा शिस्तीने कामाला लागले. २८ तारखेला चार बाटल्या नेल्या: आमची विहीर, ग्रामपंचायतीचा नळ, शेजारच्या भाऊजींची बोअर आणि तो वीस रुपयांचा जार. आधी फोन करून गेले, म्हणजे नमुने घेणारं माणूस जागेवर असतं. निकाल मे महिन्याच्या आठ तारखेला मिळाला. विहीर ९५, बोअर ६४, जार ११. आणि नळ ३१.

नळ! आमच्याकडे नळाला दर तिसऱ्या दिवशी, म्हणजे दोन दिवसांआड, पाणी येतं, नदीकाठच्या विहिरीवरून. टीसीएल पावडरचा (जंतू मारायच्या ब्लीचिंगचा) वास मारतो म्हणून आम्ही ते भांड्याला आणि कपड्याला वापरायचो. पिण्याचं पाणी म्हणजे घरचं, गोड, काचेसारखं. नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव. ज्याला आम्ही नाक मुरडत होतो ते पाणी नातीला चालणारं निघालं, आणि ज्याचं कौतुक गावभर सांगत होतो त्याच्याने घात झाला असता.

अधेमध्ये १ मेची ग्रामसभा झाली, म्हणजे झाली नाही. गणपूर्तीला शंभर किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यातली कमी असेल तेवढी माणसं लागतात, चौतीस होती. सभा तहकूब. घरी जाऊ नका, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ९ तारखेची पुढची सभा त्या नियमावरच झाली, आणि तोवर माझ्या हातात चारही कागद होते. मी दोनच गोष्टी लेखी मागितल्या. आमच्या भागातल्या सगळ्या खासगी विहिरी किटने तपासाव्यात, आणि नळाचं पाणी एक दिवसाआड सोडावं. ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) विचारलं, खासगी विहिरींसाठी निधी कुठला? मी वित्त आयोगाच्या बंधित निधीचं नाव घेतलं. पाण्यासाठी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा पैसा असतो तो. मागून एकजण ओरडला, "आरओ प्लांट मागा बाई, पाच रुपयांत कॅन!" टाळ्या त्यालाच पडल्या. ठराव मात्र किटचा आणि नळाचा झाला आणि ठरावाची नक्कल मी आठवड्याने मागून घेतली. नक्कल घेतली नाही तर ठराव कुठे जातो ते तुम्हाला माहीतच असेल.

माहितीच्या अधिकारातही एक अर्ज टाकला होता, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून: तीन वर्षांत गावच्या पाण्याच्या कुठल्या तपासण्या झाल्या? एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. जंतूंच्या तपासण्या होत्या, नळाच्या स्रोताची रासायनिकही होती. खासगी विहिरी कुणाच्याच यादीत नाहीत. त्या आपल्या, त्यांचं आपणच बघायचं.

आरओ यंत्रं विकणारा एकजण दारात आला ते सांगायलाच हवं, कारण तो तुमच्याही दारात येईल. त्याने दोन पेल्यांत पाणी घेतलं, एकात आमचं, एकात त्याच्या यंत्राचं, आणि दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या. अर्ध्या मिनिटात आमचा पेला तपकिरी, गढूळ, वर फेस. लेक घाबरली. मी त्याला कांड्या बाहेर काढायला सांगितल्या. लोखंडाच्या होत्या. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं, ती घाण कांडीची असते. यंत्राच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून ते स्वच्छ राहतं. नायट्रेट काढायला आरओ खरोखर उपयोगी आहे, ते मी नाकारत नाही. पण मेणबत्तीचा फिल्टर, तुरटी, क्लोरीन, यूव्ही यांनी ते जात नाही, आणि टीडीएसच्या, म्हणजे पाण्यातले एकूण क्षार दाखवणाऱ्या, मीटरवर ते वेगळं कळतही नाही. शिवाय आरओ जे पाणी टाकून देतो त्यात नायट्रेट आणखी दाट असतं, ते परत विहिरीजवळ सोडायचं नाही. साडेतेरा हजार मागत होता. आमचा नळ ३१ वर होता. नाही घेतला.

मे संपताना ओळखीतले एक निवृत्त भूवैज्ञानिक आले. चहा नको म्हणाले, आधी विहिरीभोवती फिरले. हातातल्या काठीने जमिनीचा उतार दाखवला. विहिरीच्या वरच्या अंगाला भाऊजींची संत्र्याची बाग. मधे आमचा गोठा. त्याला लागून उकिरडा, तीन पिढ्यांचा. आणि विहिरीपासून मोजून सतरा पावलांवर आमच्या संडासाचा शोषखड्डा, जो मीच २०१६ मध्ये उभं राहून खणून घेतला होता, जागा सोयीची म्हणून. ते म्हणाले, शेण, मूत्र, युरिया, संडास, शेवट सगळ्याचा एकच. मातीतले जंतू त्याचं नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळे ते मातीला चिकटत नाही. पाऊस पडला की पाण्याबरोबर खाली. बसाल्टच्या भेगांतून तर रस्ताच मोकळा.

मी महिनाभर ग्रामपंचायतीकडे बोट दाखवत होते. काठी आमच्या उकिरड्यावर टेकलेली होती.

भाऊजींशी बोलणं सोपं नव्हतं. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्याच्यापुढे माझं रसायनशास्त्र काय टिकणार? "वहिनी, युरिया नाई देल्ला तं झाड काय हवेवर जगीन?" मी एवढंच म्हटलं की एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने टाका, आणि माती तपासून टाका. बोअरचा ६४ चा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांच्या घरी सुनेला सातवा महिना होता. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला, काही बोलले नाहीत. त्यांच्याकडेही आता नळाची घागर वेगळी भरतात, एवढं मला दिसतं.

पावसाच्या आधी उकिरडा उचलला. सात ट्रॅक्टर-ट्रॉल्या खत निघालं, ते शेतात पसरलं. नवा खड्डा उताराच्या खालच्या अंगाला, तळाला फरशी. संडासाचा जुना शोषखड्डा रिकामा करून बुजवला आणि नवा विहिरीपासून पन्नास फुटांपलीकडे, तोही उताराच्या खालीच. विहिरीभोवती सिमेंटचा ओटा आणि सांडपाण्याला पन्हळ. सगळे मिळून एकतीस हजार गेले. ज्या दिवशी काम संपलं त्या रात्रीच पहिला पाऊस आला आणि मी अंथरुणात पडून हिशोब करत होते की दिवाळीपर्यंत आकडा ४५ च्या खाली येईल.

किट घेऊन बायका जुलैमध्ये घरोघर फिरल्या. एकवीस विहिरी-बोअर, त्यातल्या तेरा गडद गुलाबी. विद्यार्थिनीने प्रत्येक दाराशी नळी दाखवली. कागदावरच्या आकड्यापेक्षा तो गुलाबी रंग लोकांना पटकन कळतो, हे माझ्या लक्षात आलं. नळ मात्र अजून तिसऱ्याच दिवशी येतो. ठराव आहे, मोटार नाही.

सप्टेंबरमध्ये नात सहा महिन्यांची झाली, वरणाचं पाणी चाटायला लागली, आणि लेक तिला घेऊन पुण्याला गेली.

दिवाळीनंतर २७ ऑक्टोबरला पुन्हा बाटली भरली. बर्फ, चिठ्ठी, पहाटेची गाडी, सगळं आता सवयीचं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अहवाल आला. एकक आधी बघितलं. मग आकडा. १०४.

भूवैज्ञानिकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, पावसाळ्यानंतर वाढणारच. इतक्या वर्षांचं जमिनीत मुरलेलं पाऊस खाली ढकलतो. उकिरडा हलवला म्हणजे नवं जाणं थांबलं, जुनं उतरायला काही वर्षं लागतील. दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये एकेकदा तपासत राहा. मी वहीत दोन रकाने आखलेत.

विहिरीच्या कठड्यावर लाल ऑइलपेंटने ‘पिण्यासाठी नाही’ असं लिहून घेतलं. गाईगुरांना जरा जपूनच देतो ते पाणी, धुणी-भांडी, बागेला चालतं. पिण्याचा हंडा नळाचा.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, त्यांना वाचता येत नाही. नळाचं पाणी औषधासारखं लागतं म्हणतात. मी लाल अक्षरं त्यांना तीनदा वाचून दाखवली, त्यांनी तीनदा मान डोलावली. रोज पहाटे मी उठते तेव्हा रहाटाचा दोर ओला असतो आणि त्यांच्या खाटेखाली तांब्या भरलेला.